कान्होबाचा भाऊ

मरणाच्या घरी बोलण्यासारखं कुणाकडेच फारसं काही नसतं, म्हणून जे असतं तेच सगळे बोलतात. शोक करू नका, आत्मा मरत नाही, जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा जीव देह बदलतो. गेल्या पौषात पारोळ्याला माझा मोठा भाऊ वारला. द्वारदर्शनाला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे सांगितलं. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगितली, ती खास आमच्या घरासाठी होती. "सुटी गया बिचारा. तुम्हीन बी सुटनात." दादाला स्किझोफ्रेनिया होता आणि ते गावाला ठाऊक होतं.

सांगणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांतल्याच बायांनी माझ्या मायला जवळ बसून चार घास खाऊ घातले. पण या दोन्ही सांत्वनांशी माझं भांडण आहे. धुळ्याच्या शाळेत मी मराठी शिकवलं, ज्ञानेश्वरी आणि गाथा आयुष्यभर हाताशी राहिल्या. तेव्हा भांडायचं तर त्याच पोथ्यांमध्ये उभं राहून भांडलं पाहिजे.

आधी दादा कोण होता ते सांगते. नवरात्रात पारोळ्याला बालाजीची वहनं निघतात, मग रथ निघतो. त्या रथाला मोगरी लावणाऱ्या पोरांत तो असायचा. रथ ओढला जात असताना चाकाखाली ऐनवेळी लाकडाची मोगरी सरकवायची, म्हणजे रथ थांबतो किंवा हवा तिकडे वळतो. हात पाव क्षण उशिरा मागे घेतला तर चाकाखाली जायचा. रथ घरावरून पुढे सरकेपर्यंत मायचा जीव थाऱ्यावर नसे. अमळनेरला प्रताप कॉलेजात तो बी.एस्सी. करत होता. शेवटच्या वर्षाला असताना त्याने मायच्या हातचं जेवण बंद केलं, कुणीतरी त्यात काहीतरी कालवतंय म्हणून. मग रेडिओ गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला, कारण बातम्या देणारा माणूस त्याचं नाव घेत होता. मग रात्री उठून हायवेला जाऊन उभा राहू लागला.

आमच्या वडिलांनी, आप्पांनी, हे घराबाहेर जाऊ दिलं नाही. भगत झाले, सैलानीच्या दर्ग्याला नेऊन झालं, आणि कुणीतरी सुचवल्यावरून लग्नही झालं. लग्न झालं की माणूस ताळ्यावर येतो, असं त्या काळी सर्रास म्हणत, अजूनही म्हणतात. मुलीकडच्यांना काही सांगितलं नाही. ती मुलगी चार-सहा महिन्यांत माहेरी गेली ती परत आली नाही. आजार मेंदूचा आहे आणि त्याला औषध आहे, हे घराने मान्य करेपर्यंत दादाची तिशी उलटली होती. मग महिन्याच्या महिन्याला फ्लूफेनाझिनचं इंजेक्शन, त्याने हातपाय ताठू नयेत म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिलच्या गोळ्या. कानातले आवाज पुष्कळ मंदावले, पण तो स्वतःही मंदावला. वजन वाढलं, साखर लागली, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं.

तो गेला हृदयविकाराने, साठीही न गाठता. जागतिक आरोग्य संघटना सांगते की स्किझोफ्रेनियाची माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, आणि पुष्कळदा हृदयरोग, मधुमेह, संसर्ग अशा साध्या, उपचार होऊ शकणाऱ्या दुखण्यांनी जातात. जगात सुमारे दर 300 माणसांत एकाला हा आजार असतो. आमचं गाव चाळीस हजारांच्या आसपासचं, म्हणजे अशी सव्वाशे-दीडशे माणसं एकट्या पारोळ्यात निघावीत. त्यांतलं प्रत्येक माणूस वेळेआधी गेलं की दारात येऊन कुणीतरी म्हणणार, सुटला. ज्याला आणखी पंधरा-वीस वर्षं मिळायला हवी होती, त्याच्याबद्दल हे बोलायला जीभ कशी उचलते?

या म्हणण्याच्या पोटात एक गृहीत आहे. खरा दादा विशीतच संपला आणि उरला तो निव्वळ भोग. मला हे मान्य नाही. कापसाच्या दिवसांत आमच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असायचा. त्या ढिगाशी मांडी घालून दादा तासन्‌तास बसायचा आणि कवडी निवडायचा. औषधाने बोटं थरथरायची, तरी अडकलेला पाला, काडी, डागाळलेलं बोंड तो अलगद बाजूला काढायचा आणि स्वच्छ कापूस डाव्या हाताला ठेवायचा. त्याच्या हाताखालून गेलेल्या कापसात पाचोळा सापडत नसे. व्यापारी मूठभर कापूस उचलून, फोडून पाहायचा आणि विचारायचा, हा कुणी निवडला? विशीतल्या मोगरी लावणाऱ्या पोरासाठी आम्ही तेव्हाच रडून घेतलं होतं. आता जो गेला तो कवडी निवडणारा माणूस. त्याच्यासाठी कुणीच रडत नव्हतं, कारण सगळ्यांच्या लेखी तो माणूस नव्हता, दुखणं होता.

बायांच्या तोंडी दुसरं होतं, "त्याना भोग सरनात." मागल्या जन्मीचं प्रारब्ध फिटलं. हे बोलणाऱ्यांच्या घरी हरिपाठ होतो, आषाढीला वारी जाते. ज्या ज्ञानदेवांचा हरिपाठ ते म्हणतात, त्यांना आणि त्यांच्या तिन्ही भावंडांना आळंदीत कसं वागवलं गेलं, हे मग त्यांच्या ध्यानात का येत नाही? संन्याशाची पोरं म्हणून त्यांना वाळीत टाकलं. बापाने संन्यास सोडून संसार केला, त्याचं पाप पोरांच्या माथी मारलं. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तरी पोरांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं. वारकरी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ऐकतात ती त्या पोरांच्या बाजूने. दोष पोरांच्या कर्मात नव्हता, वाळीत टाकणाऱ्यांच्या डोक्यात होता, हे त्यांना उमगलेलं असतं. आणि तोच वारकरी शेजारच्या वेड्या पोराकडे पाहून पूर्वसंचिताचा निवाडा देतो. तत्त्वज्ञान म्हणून कर्मसिद्धान्तावर वाद घालायला मी तयार आहे. पण स्वतःच्या दुखण्याचा अर्थ लावायला तो वापरणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दारात उभं राहून त्याच्या लेकराला लावणं वेगळं. दुसऱ्या वापराला धर्मात जागा असता कामा नये.

आत्म्याचं सांत्वन मात्र इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. पारोळ्यापासून जवळच, अमळनेरला, प्रताप शेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं ते अद्वैताचा अभ्यास व्हावा म्हणून. कॉलेजच्या दिवसांत दादा तिथे जाऊन पुस्तकं चाळायचा. देह, इंद्रियं, मन, बुद्धी ही सगळी पाहिली जाणारी, आणि या सगळ्यांना पाहणारा साक्षी वेगळा, असं वेदान्त म्हणतो. या विचाराने मला खरोखर आधार दिला. मन बिघडलं म्हणजे माणूसच आतून नाहीसा झाला, असं होत नाही. दादाला कानात शिव्या ऐकू यायच्या तेव्हाही त्या ऐकणारा कुणीतरी आत होता, त्याला त्या लागत होत्या, तो त्या सोसत होता. वेडाला रिकामं घर समजणाऱ्या जगापेक्षा वेदान्ताने माझ्या भावाला जास्त मान दिला.

पण पुढे गेलं की तोच आधार हातातून सुटतो. साक्षी सगळ्यांत एकच. माझ्यातला आणि दादातला वेगळा नाही, हेच तर अद्वैताचं म्हणणं. तो गेला नाही, जाणार नाही. मग मी रडते ती ज्याच्यासाठी, तो एकटा, दुसऱ्या कुणासारखा नसलेला माणूस, ज्याला चहात गूळच लागायचा आणि जो दाराची उजवी बाजू धरूनच आत यायचा, त्याचा या हिशेबात पत्ताच नाही. जो मेलेला नाही त्याच्यासाठी मी रडत नाही. जो मेला त्याच्यासाठी रडते.

विनोबांची गीता प्रवचने धुळ्याच्या तुरुंगात झाली. 1932 साली फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय, आणि ती उतरून घेतली साने गुरुजींनी. धुळ्यात राहून मी ते पुस्तक किती वेळा हातात घेतलं असेल! पहिल्याच प्रवचनात विनोबा एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. अनेकांना फाशी देणाऱ्या त्या न्यायाधीशापुढे एक दिवस स्वतःचा मुलगा उभा राहतो आणि त्याला अचानक फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. विनोबा म्हणतात, हा विचार ज्ञानातून आलेला नाही, ममत्वातून आला आहे. अर्जुनाचंही तसंच. दादा गेल्यावर हे पुन्हा वाचलं आणि माझ्या ध्यानात आलं की कृष्णाचं सांगणं एका विशिष्ट माणसाला आहे. त्याच्यापुढे काम आहे आणि मरणं अजून व्हायची आहेत. शोकाची ढाल करून तो कामातून अंग काढून घेतोय. माझ्यापुढे कुठलं युद्ध होतं? मी कशातून अंग काढत होते? दादाचं करायचं ते सगळं संपलं होतं, तो नव्हताच. मरणाआधी कर्तव्य टाळणाऱ्याला सांगितलेलं मरणानंतर रडणाऱ्या बहिणीला ऐकवणं, हा गीतेवर अन्याय आहे.

आणि महाभारत गीतेशी संपत नाही. युद्ध संपल्यावर, मेलेल्यांना पाणी द्यायच्या वेळी कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ. इतकी वर्षं घराने लपवलेला भाऊ. युधिष्ठिर कोसळतो. शांतिपर्वात भाऊ, द्रौपदी, व्यास, स्वतः कृष्ण, सगळे त्याला समजावतात आणि तो काही केल्या समजत नाही. राज्य नको म्हणतो. शेवटी स्वर्गात पोचल्यावरही तो कर्णाला आणि बाकीच्या भावांना शोधतो आणि ते नरकात आहेत असं दिसल्यावर इथेच राहतो म्हणतो. ज्याला आपण धर्मराज म्हणतो त्याने सांत्वनापेक्षा भावांची सोबत पसंत केली. आमच्या आप्पांनी दादाला जसं जगापासून झाकलं, तसंच कुंतीने कर्णाला झाकलं होतं. झाकलेल्या भावाचा शोक जास्त बोचतो, हे व्यासांना कळलेलं दिसतं.

साने गुरुजींबद्दल लिहिताना मी दहादा थांबले. आमच्या खानदेशाचं ते दैवत. अमळनेरला त्यांनी शिकवलं, पोरांची वळकटी आवरली, कपडे धुतले. 11 जून 1950 ला त्यांनी स्वतःहून जगाचा निरोप घेतला. त्यांना आजार होता असं मी म्हणत नाही, तो निवाडा करणारी मी कोण? पण वर्गात एखादं पोरगं विचारायचं, "बाई, गुरुजी कसे वारले?" तेव्हा आम्ही शिक्षक पान उलटायचो. शोक करू नये हे ज्यांनी आपल्या हाताने लिहून घेतलं, त्यांनाही दुःख सोसवेना झालं, हे पोरांना सांगायला काय हरकत आहे? त्याने गुरुजी लहान होत नाहीत. उलट ज्या घरात कुणी आतल्या आत घुसमटतंय, त्या घरातल्या पोराला बोलायला तोंड फुटेल.

भावंडाच्या शोकाबद्दल आपली परंपरा काय म्हणते, हे मी शोधत होते, आणि ते माझ्या माहेरच्याच जिल्ह्यात निघालं. कार्तिक वद्य त्रयोदशीला, 1296 साली, ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. महिन्याने सासवडला सोपानदेव गेले. पुढच्या वैशाखात तापीकाठी, मेहूण-कोथळीच्या परिसरात, विजेच्या लोळात मुक्ताई गुप्त झाली. नंतर ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथ. मधल्या त्या काही महिन्यांत थोरल्या भावाने तिन्ही धाकट्यांना पाठवणी दिली. हा साधा थोरला भाऊ नव्हता. ज्ञानदेवांचा गुरू, गहिनीनाथांकडून उपदेश मिळालेला नाथयोगी. आत्म्याचं अमरत्व ज्ञानदेवांना शिकवलं त्यानेच. आणि नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत हाच निवृत्ती धाय मोकलून रडतो. आईबाप सोडून गेले तेव्हाही असं संकट कोसळलं नव्हतं, असं तो म्हणतो. नामदेवांनी हे झाकलं नाही. गुरूच्या रडण्याने संप्रदायाला उणेपण येईल, असं त्यांना वाटलं नाही.

ज्ञानदेवही ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या शोकाकडे केवढ्या मायेने पाहतात! कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकून पडतो, तिथे तो जीव देईल पण पाकळी चिरणार नाही, असं ते म्हणतात. तो मोह आहे हे त्यांनाही मान्य आहे. पण त्यांनी त्या मोहाचा मऊपणा आधी दाखवला आणि मग ज्ञान सांगितलं. द्वारदर्शनाला येणारे हा क्रम विसरतात.

माझ्या घराचं म्हणाल तर निवृत्तिनाथांचा शोक आम्हाला पुरा पडत नाही. तो फार स्वच्छ आहे. त्या चौघांत वाटणी नव्हती, सातबारा नव्हता, रात्री-बेरात्री कुणी कुणावर काठी उगारली नव्हती. आमच्याकडे हे सगळं झालं.

दादाला सांभाळलं ते माझ्या धाकट्या भावाने. मी लग्न होऊन धुळ्याला गेले आणि सणावाराला येणारी बहीण झाले. तो रात्री हायवेवरून दादाला शोधून आणायचा. एका पेरणीच्या तोंडावर दादाने विहिरीवरचा स्टार्टर फोडला, कारण त्यातून आवाज यायचा. त्या वर्षी धाकट्याने सावकाराकडून कर्ज काढलं. वहिनी दाराला आतून कडी लावून झोपायची. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी दादामुळे मोडली. अग्निडाग त्यानेच दिला आणि स्मशानातून परत येताना सगळ्यांसमोर म्हणाला, "या मानूसनी मन्ही आख्खी जवानी खाई टाकी." लोकांना ते आवडलं नाही. गंधमुक्तीनंतर लगेच त्याने मृत्यूचा दाखला आणला, दादाचं नाव उताऱ्यावरून कमी करायला. त्यावरून स्वयंपाकघरात आवाज चढले. माय म्हणाली, निदान वर्ष तरी होऊ दे. माझी हक्कसोड आधीच झालेली, म्हणून मी बोलायचं नाही असं वहिनीचं म्हणणं.

आणि हाच भाऊ रात्री दोनच्या सुमाराला अजून उठतो, दादाच्या खोलीची कडी चाचपून पाहतो आणि परत येऊन पडतो. एकदा खताच्या कामाला बाजारात गेला, तर औषधाच्या दुकानदाराने सवयीने गोळ्यांची पाकिटं काढून पुढे ठेवली. यानेही सवयीने पैसे दिले. घरी आणून फडताळात ठेवली. ती तिथेच आहेत.

असा शोक कुठल्या संताने गायलाय का? गायलाय. पण तो संतांच्या यादीत पहिल्या ओळीत नाही. तुकारामांचा धाकटा भाऊ कान्होबा. तुकारामांच्या घराची गोष्ट आपण भक्तीच्या बाजूने ऐकतो, भावांच्या बाजूने ऐकत नाही. थोरला सावजी बायको वारल्यावर घर सोडून गेला. मधल्याचं चित्त संसारातून उडालं, लोक त्याला वेडा म्हणू लागले. उरला धाकटा. वडिलोपार्जित सावकारीची कर्जखतं होती, तीही गोष्टीप्रमाणे वाटली गेली. निम्मी कान्होबाला, आणि आपली निम्मी तुकारामांनी इंद्रायणीत बुडवली. कान्होबाने आपली ठेवून घेतली. त्याला कुणी तेव्हा स्वार्थी म्हणालं असेल का? म्हणालंच असेल. पण घरात कुणाला तरी खतं जपावी लागतात, नाहीतर चूल पेटत नाही.

तुकाराम 1650 साली फाल्गुन वद्य द्वितीयेला गेले. वैकुंठाला गेले असं सगळे म्हणतात. गाथेत कान्होबाचे त्या वेळचे अभंग आहेत. ते शाळेच्या पुस्तकात येत नाहीत आणि कीर्तनातही मी क्वचितच ऐकले. भाऊ वैकुंठाला गेला म्हणून कान्होबा आनंद मानत नाही. तो विठ्ठलाला जाब विचारतो. तू आमचं घर बुडवलंस, माझा भाऊ नेलास, तो परत दे, नाहीतर तुझी अब्रू ठेवणार नाही, असा एकंदर सूर. रागाने भरलेला, खरखरीत, भाषेची तमा न बाळगणारा शोक. सुटका झाली, मोक्ष मिळाला, ही समजूत त्याने साफ नाकारली, आणि तीही खुद्द तुकारामांच्या बाबतीत! तरी गाथा जपणाऱ्यांनी हे अभंग गाळले नाहीत. देवाशी भांडण हेही भक्तीत धरलं. धर्माने शोकाला एवढी जागा दिलेली आहे. ती आपण द्वारदर्शनाच्या घाईत बुजवून टाकतो.

द्वारदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दादाची एके काळची बायको आली. तिचं पुढे दुसरं लग्न झालं, नातवंडं आहेत. ती मायजवळ बसली. आम्हाला कुणालाच काय बोलावं कळेना, कारण सगळ्यांत मोठी फसवणूक झाली होती तिची. जाताना ओट्यावर ती मला म्हणाली, "मानूस खराब नव्हता. एकदा माले रथ दखाडाले लई गयथा." आलेल्या सगळ्या माणसांत दादाबद्दल काहीतरी सांगणारी ती एकटी. बाकीचे त्याच्या दुखण्याबद्दल बोलले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. आमच्याकडे त्या दिवशी लेकी घरी येतात आणि गेलेल्या माणसांची घागरही त्याच दिवशी भरतात. पाण्याने भरलेली मातीची घागर, वर डांगर, आंबा, पुढे पुरणपोळी आणि आमरस, चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी. दादाचं हे पहिलं वर्ष. भाऊबंदांतल्या एका म्हाताऱ्या माणसाने शंका काढली की मागे मूलबाळ नाही, बायको नांदली नाही, अशाची घागर कोण भरणार आणि कशाला? माय ऐकू कमी येतं म्हणून सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "त्याले तीस लागनी व्हई." एवढं ऊन आहे, त्याला तहान लागली असेल. घागर धाकट्याने भरली.

त्या रात्री गच्चीवर मी त्याला कान्होबाचे अभंग वाचून दाखवले. त्याला वाचनाची फार आवड नाही, पण ऐकताना तो उठून बसला. दोन अभंग पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाला, "आक्का, तुकाराम संत व्हता, जगले देई गया. आपला दादा काय देई गया?"

मी म्हटलं, कान्होबा त्या अभंगांत कवी परत मागत नाही, संत मागत नाही. भाऊ मागतोय. वेडा भाऊ पुढे थोर निघाला तरच त्याच्यासाठी रडायचं, ही अट कुणी घातली? व्हॅन गॉगसाठी त्याचा भाऊ थिओ झुरला आणि सहा महिन्यांत स्वतः गेला, ते काही चित्रं पुढे मोठ्या किमतीला विकली जातील म्हणून नाही. त्या वेळी ती चित्रं जवळजवळ कुणीच घेत नव्हतं.

त्याला ते पटलं नाही. कान्होबाला निदान निम्मी खतं मिळाली, म्हणाला. मला जागरणं मिळाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं आहे. त्या जागरणांचा हिशेब दादाकडे मागता येणार नाही, त्याच्या हातात ते नव्हतंच. आप्पांकडे मागावा तर तेही नाहीत. राहतो पांडुरंग. त्याच्याकडे तो मागायला धाकट्याचा पूर्ण हक्क आहे, आणि तो त्याने मागावा, मोठ्या आवाजात मागावा, असं मला मनापासून वाटतं. त्याने शांत व्हावं असं मला वाटत नाही. दादाशी असलेलं त्याचं नातं त्या रागातच शिल्लक आहे.

गाथा मी त्याच्याकडे ठेवून आले. परवा फोनवर कापसाच्या बियाण्याचं बोलणं झाल्यावर त्याने विचारलं, कान्होबाचे अभंग एवढेच आहेत की आणखी कुठे छापलेले सापडतील.